वनस्पतींच्या ऊतींमधून डीएनए-आरएनए काढणारे स्वयंचलित यंत्र : काही महिन्यांच्या वापरानंतर

चुंबकीय मण्यांवर चालणारे हे यंत्र आमच्या प्रयोगशाळेत गेले कित्येक महिने रोजच्या वापरात आहे. ते घ्यावे असेच मी सांगेन. मात्र जे काम ते करत नाही, त्याची तयारी आधी करावी. प्लॅस्टिकच्या आवरणातील चुंबकीय कांड्या सिलिकाचा लेप दिलेले मणी उचलतात आणि बाइंडिंग (मण्यांना डीएनए-आरएनए चिकटणे), वॉश (धुणे) व इल्यूशन (मण्यांवरून सोडवून घेणे) अशा क्रमाने एका प्लेटमधून दुसऱ्या प्लेटमध्ये नेतात. त्यामुळे ९६ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये पहिल्या आणि शेवटच्या नमुन्याला अगदी सारखीच वागणूक मिळते, जे हाताने पिपेट चालवताना क्वचितच साधते. विषारी क्लोरोफॉर्म हाताळावा लागत नाही, ही सोयही मोठी आहे.

खरी परीक्षा यंत्राच्या आधीच होते. पेशीभित्ती नीट फुटली नाही, तर पुढचे सगळे अचूक टप्पे वाया जातात. म्हणून गोठवलेले पान स्टीलच्या गोळ्यांसह पिठासारखे बारीक होईपर्यंत दळावेच लागते. कोवळ्या पानांचे काम विनातक्रार होते. पॉलिसॅकराइड (चिकट कर्बोदके) आणि पॉलिफेनॉल (तपकिरी पडणारी संयुगे) भरपूर असलेल्या जून पानांचा लायसेट (पेशी फोडून मिळालेले द्रावण) मात्र तार धरतो, मण्यांच्या गुठळ्या होतात आणि कांड्या वर गेल्यावर वेलच्या तळाशी तपकिरी थर उरलेला दिसतो. अशा नमुन्यांसाठी ऊती कमी घेणे, बफरमध्ये पीव्हीपी (पॉलिफेनॉल धरून ठेवणारे पॉलिमर) घालणे आणि सेंट्रिफ्यूजनंतर वरचे स्वच्छ द्रावणच प्लेटमध्ये भरणे, एवढे केल्यावर २६०/२३० गुणोत्तर (प्रकाशशोषणावरून ठरणारे शुद्धतेचे माप) चांगले सुधारले.

मणी वाळवण्याची वेळ कंपनीच्या प्रोग्रॅमवर सोडू नये, असे माझे मत आहे. कमी वाळले तर उरलेले इथेनॉल पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवणारी अभिक्रिया) अडवते, आणि फार वाळले तर डीएनए मण्यांवरून सुटत नाही.

आरएनएसाठी दळलेली भुकटी लायसिस बफरमध्ये (पेशी फोडणाऱ्या द्रावणात) पडेपर्यंत वितळता कामा नये, कारण तेवढ्या वेळात आरनेझ (आरएनए तोडणारे विकर) आपले काम उरकतो. डीनेझचा (डीएनए तोडणाऱ्या विकराचा) टप्पा प्रोग्रॅममध्येच बसवता येतो. हिरव्या पानांच्या आरएनएचा आरआयएन (आरएनए किती अखंड आहे ते सांगणारा आकडा) पाहताना हरितलवकांच्या राइबोसोमल आरएनएची जादा शिखरे लक्षात घ्यावीत. केवळ आकडा कमी आला म्हणून चांगला नमुना टाकून देऊ नये.

प्रत्येक प्लेटमध्ये ऊतीविना एक वेल ठेवल्याने शेजारच्या नमुन्याची सरमिसळ लगेच कळते. लांब रीडच्या सिक्वेन्सिंगसाठी (डीएनएचे लांब तुकडे सलग वाचण्यासाठी) लागणारा अखंड डीएनए मात्र आम्ही अजूनही सीटॅब (एक डिटर्जंट) पद्धतीने, हातानेच काढतो.