अँडरसन एसबी५० : कनेक्टर चांगलाच, पंचिंग मात्र उघडून बघा

बोलेरोत दुसरी बॅटरी बसवून वर्ष होत आलं. मागे १२ व्होल्टचा फ्रिज, पुढून मागे १६ स्क्वेअर एमएमची केबल, मध्ये करडा अँडरसन एसबी५०, म्हणजे प्लस-मायनसच्या जाड केबली जोडायचा-सोडायचा प्लास्टिकचा प्लग. अख्खा पावसाळा घोडबंदर रोडच्या चिखलात गेला, तक्रार नाही. आणि परवा माळशेज उतरताना जळक्या प्लास्टिकचा वास. बघतो तर कनेक्टरचा प्लसकडचा कोपरा पिवळा पडून मऊ झालेला.

ज्या गॅरेजने काम केलं होतं, त्यांचं उत्तर तयार होतं : माल डुप्लिकेट आहे, नवीन टाका, पैसे वेगळे. मलाही क्षणभर पटलं. पण पाकिटात हात घालण्याआधी मल्टिमीटर मिलिव्होल्टवर लावला. चार्जिंगचे ३५ अँपिअर चालू असताना मायनसच्या जोडावर ८ मिलिव्होल्ट, प्लसच्या जोडावर १८०! म्हणजे पेराएवढ्या जागेत सहा वॉटच्या वर उष्णता, तीही अखंड. ५० अँपिअरचा फ्यूज का उडाला नाही? करंट वाढलाच नव्हता ना. फ्यूज शॉर्टला उडतो, सैल जोड त्याला कळत नाही.

मग प्लसचा कॉन्टॅक्ट हॅक्सॉने उभा कापला. कॉन्टॅक्ट म्हणजे कनेक्टरच्या आतला धातूचा तुकडा; त्याच्या नळीत केबल घालून दाबून पक्की करतात, तेच पंचिंग. केबल नळीत मावेना म्हणून कडेच्या तारा चक्क छाटलेल्या. उरलेल्यांवर छिन्नीचा एक घाव, आत पोकळी, तारा काळ्या पडलेल्या. वरून कथील ओतून सगळं झाकलेलं. याचे पूर्ण पैसे घेतलेत! कथलाने केबल तिथे ताठ होते आणि गाडीच्या हादऱ्यांनी नेमकी त्याच्या कडेला तुटते, हे वेगळंच.

केबलच्या मापाचे कॉन्टॅक्ट आणले आणि वागळे इस्टेटमध्ये पॅनल बनवणाऱ्या एका गाळ्यात गेलो. पंचिंगचं हायड्रॉलिक टूल, षटकोनी डाय (दाबायचा साचा), दोन मिनिटांचं काम. चहापाण्याएवढे पैसे घेतले. टूल विकत घ्यायचा विचार तिथेच सोडला. त्यांनी एक नमुना कापून दाखवला : तारा दबून सलग तांबं झालेलं, सुईला जागा नाही. आता दोन्ही जोडांवर ७-८ मिलिव्होल्ट, लांबच्या प्रवासानंतरही हात लावला तर कोमट.

म्हणून कनेक्टरबद्दल तक्रार मागे. पाण्यासाठी रबरी टोपी मात्र वेगळी घ्यावीच लागते. आणि घाईत दुसऱ्या रंगाचं हाउसिंग, म्हणजे बाहेरचं प्लास्टिकचं कवच, आणू नका. खाचा रंगानुसार वेगळ्या असतात, करड्यात लाल बसत नाही, मग दोन्ही बाजू बदलाव्या लागतात.