फायरस्टोअरचे बिल: ट्रान्झॅक्शन आणि लिसनर, की इन्क्रिमेंट आणि कॅशे?

दूध संकलनाचे ॲप फायरस्टोअरवर, म्हणजे गूगलच्या क्लाउड डेटाबेसवर, करताना माझ्यापुढे दोन रचना होत्या. तिथे माहिती ‘डॉक्युमेंट’मध्ये असते आणि डॉक्युमेंटच्या प्रत्येक वाचनाचे (रीड) आणि लेखनाचे (राइट) बिल मोजले जाते. पहिलीत प्रत्येक नोंद ट्रान्झॅक्शनमधून (आधी वाचून मग लिहिणे, मध्ये कोणी बदल केला तर अडणे) जाते आणि उत्पादकांची यादी लिसनरवर (बदल आपोआप फोनवर आणणारी जोडणी) सोपवलेली असते. दुसरीत नोंद बॅच राइटने (न वाचता एकत्र केलेले अनेक राइट) जाते, दिवसाची बेरीज इन्क्रिमेंटने (जुना आकडा न वाचता त्यात भर घालण्याची आज्ञा) वाढते आणि यादी फोनमधल्या कॅशेतून (साठवून ठेवलेल्या प्रतीतून) वाचली जाते. मी दोन्ही चालवून पाहिल्या आहेत. तुमच्या वापराची पद्धत वेगळी असेल, तर माझा कल तुम्हाला लागू पडेलच असे नाही.

लिहिण्याच्या बाजूचा फरक थोडक्यात सांगता येईल. एका नोंदीला दोन्हीकडे दोन राइट लागतात, एक नोंदीचा आणि एक बेरजेचा. ट्रान्झॅक्शनमध्ये त्याआधी बेरजेचा एक रीड येतो. सकाळी साडेसहाला दूध मोजण्याचे सगळे काटे एकाच वेळी चालू असतात, तेव्हा बेरजेच्या एकाच डॉक्युमेंटवर काट्यांवरच्या फोनची झुंबड उडते, मोबाइलवरील एसडीके (ॲपमधली फायरस्टोअरची लायब्ररी) अडलेले ट्रान्झॅक्शन पुन्हा चालवते आणि त्या फेरीचा रीडही बिलात येतो. शिवाय रेंज नसली की ट्रान्झॅक्शन फसते. बॅच मात्र फोनमध्ये थांबते आणि रेंज आल्यावर पुढे जाते.

माझा निर्णय मात्र यादीने केला. ऑफलाइन कॅशे चालू असला की लिसनर फक्त बदललेली डॉक्युमेंट आणतो, असे मी धरून चाललो होतो, आणि ते अर्धेच खरे आहे: लिसनर ३० मिनिटांपेक्षा जास्त काळ तुटलेला राहिला, तर पुन्हा जोडताना नवीच क्वेरी (डेटाबेसकडे माहितीची मागणी) केल्याप्रमाणे सगळे रीड आकारले जातात. संकलन सकाळ-संध्याकाळ असते, त्यामुळे ही मुदत दिवसातून दोनदा उलटणारच. ८०० उत्पादकांची संस्था, वाड्यावस्त्यांवरच्या काट्यांवर ६ फोन आणि दोन वेळा, म्हणजे एकही नाव बदललेले नसताना रोज ९,६०० रीड होतात. मोफत मर्यादा दिवसाला ५०,००० रीडची आहे. पाच संस्था तिच्यात कशाबशा बसतात, सहावी बसत नाही. ही गोष्ट मला फार खटकली, कारण ती यादी फोनमध्ये आधीपासूनच होती.

आता प्रत्येक उत्पादकाच्या डॉक्युमेंटवर शेवटच्या बदलाची सर्व्हरवरची वेळ नोंदलेली असते आणि ॲप मागच्या वेळेनंतर बदललेलीच डॉक्युमेंट मागते. काहीच बदलले नसेल, तरी क्वेरीमागे किमान एक रीड लागतो; म्हणजे ९,६०० च्या जागी १२. याची किंमत कोडमध्ये मोजावी लागते. डिलीट केलेले डॉक्युमेंट अशा क्वेरीत येतच नाही, त्यामुळे उत्पादक काढून टाकण्याऐवजी त्याच्यावर ‘बंद’ अशी खूण करावी लागते आणि ती वेळेसह करावी लागते, नाहीतर एखाद्या काट्यावर जुने नाव दिसत राहते.

ट्रान्झॅक्शन मी एकाच ठिकाणी ठेवले आहे, उत्पादकाला उचल देताना. तिथे शिल्लक वाचल्याशिवाय रक्कम ठरवता येत नाही, आणि दोन फोनवरून एकाच वेळी उचल नोंदली गेली तर दुसरी अडलीच पाहिजे. त्या रीडचे पैसे मी खुशीने देतो.