लाकडासारखी फरशी आणि वेंगुर्ल्याचा पाऊस: सोळा महिन्यांनंतर

घर वेंगुर्ल्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. जांभ्याच्या भिंती, खाली जुना कोबा. वाळवीच्या धास्तीने खऱ्या लाकडाचा विचार सोडला. लॅमिनेट मेव्हण्यांकडे पाहिलं होतं. आत दाबलेला लाकडाचा भुसाच तो, एका पावसाळ्यात सांध्याच्या कडा पापडासारख्या फुगल्या. म्हणून गेल्या एप्रिलात दोन खोल्यांत एसपीसी घातलं. चुनखडीची भुकटी आणि पीव्हीसीची फळी, एकमेकींत खटकन बसते, खाली फोमचा पातळ थर.

फळीबद्दल तक्रार नाहीच. पुढच्या खोलीत छत्र्या ठिबकतात, भाचरं किनाऱ्यावरची वाळू पायाने आणतात. दारापाशी बारीक चरे पडलेत, तेही तिरक्या उन्हातच दिसतात. पायाला गार लागत नाही म्हणून आईची घरातली चप्पल सुटली.

मागच्या खोलीने मात्र रडवलं. तिची भिंत टेकाडाला लागून. जुलैअखेर कुबट वास सुटला, वर सगळं कोरडं, लख्ख. कपाट सरकवून एकेक फळी उचलली, तर फोमखाली पाणी आणि फळीच्या पाठीला काळे ठिपके. फळी तसूभर फुगली नव्हती. दुकानदाराचं 'शंभर टक्के वॉटरप्रूफ' खोटं नव्हतं, पण पाणी येत होतं खालून. जांभा ओल वर ओढतो, आणि आम्ही तिच्यावर झाकण घातलेलं! गवंडी आधीच म्हणाला होता, "फळी कुसाची (कुजायची) नाय ओ, पण खालचा पाणी जातला खंय?"

तेव्हा आधी दोन फुटांचा प्लास्टिकचा तुकडा कोब्यावर चारही बाजूंनी टेप मारून दिवसभर ठेवा. खाली थेंब धरले तर ओल आहे. हे पावसाळ्यातच करा, एप्रिलात कोबा कोरडाच वाटतो. आम्हाला वाटला.

दिवाळीनंतर मागच्या खोलीत लाकडी छापाच्या व्हिट्रिफाइड टाइल्स बसवल्या, ८ बाय ४८ इंची. त्या पाणी अर्ध्या टक्क्याहून कमी पितात. इतकी लांब टाइल मधे किंचित कमानदार असते, म्हणून शेजारच्या ओळीतला सांधा टाइलच्या निम्म्यावर न घेता एक तृतीयांशावर घ्यायला लावा, नाहीतर टोकांची पायाला ठेच लागते. सांध्यात भरायचं ग्राउट टाइलच्याच रंगाचं घ्या. पांढरं भरलंत तर लाकूड राहिलं बाजूला, रेघी वही दिसेल.

यंदा वास नाही. दमट सकाळी टाइलला घाम सुटतो, तेवढी पुसावी लागते. काढलेल्या फळ्या पुसून, वाळवून माडीवर घातल्या. चार-पाचांचे खटके तुटले, बाकी तिथे झकास चालल्यात.