डिझेल ट्रक तापवायचा कसा: जागेवर, चालवत की हीटर लावून?

स्टार्टर मारायचा, गाडी तशीच घरघरत ठेवायची आणि तापमानाचा काटा वर आल्याशिवाय हलायचं नाही, असं अनेक चालक करतात. काही जण ऑइलचा दिवा विझला की लगेच गिअर टाकतात. तिसरा मार्ग स्टार्ट करण्याआधीच इंजिन तापवणाऱ्या हीटरचा. तिन्हींतून निवडताना मी एकच कसोटी लावतो: डिझेल इंजिन काम केल्याने तापतं, नुसतं चालू ठेवल्याने फारसं नाही.

उभ्या गाडीत सिलिंडर प्रत्येक वेळी हवेने भरतो, पण डिझेल मात्र थेंबभरच पडतं. एवढ्याशा जाळाची बरीचशी उष्णता त्याच हवेबरोबर सायलेन्सरमधून निघून जाते. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह, साधारण ८० अंशांच्या पुढे उघडतो. कडाक्याच्या थंडीत मोठं इंजिन अर्धा तास उभं ठेवलं तरी तिथवर पोचत नाही. म्हणजे ज्या काट्याची वाट बघायची, तो उभ्या गाडीत येणारच नाही.

तरी जागेवर तापवण्याच्या बाजूने दोन गोष्टी आहेत. काही विकत घ्यावं लागत नाही, आणि हळूहळू का होईना, केबिन उबदार होऊन काचेवरचं दव-बर्फ निघतं. काच साफ नसताना निघणं धोक्याचंच, तेव्हा त्यासाठी थांबावं लागलं तर थांबावं. पण किंमत मोठी आहे. अवजड ट्रक उभ्या उभ्या तासाला साधारण ३ लिटर डिझेल पितो. रोज अर्धा तास धरला तर ३०० दिवसांत ४५० लिटर होतात, आणि गाडी एक किलोमीटरही पुढे गेलेली नसते.

मला डिझेलपेक्षा जास्त काळजी इंजिनाच्या आतली वाटते. डिझेलला स्पार्क प्लग नसतो; दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच ते पेटतं. लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंती, थंड असले की ती उष्णता शोषून घेतात, डिझेल अर्धवट जळतं आणि पांढरा धूर येतो. न जळलेलं डिझेल लायनरवरचा ऑइलचा थर धुतं आणि पिस्टनच्या रिंगांच्या कडेने खाली चेंबरमध्ये (ऑइल साठतं त्या तळाच्या भांड्यात) उतरून ऑइल पातळ करतं. नव्या गाड्यांत यात धुराच्या फिल्टरची भर पडते. तो स्वतःला जाळून साफ करतो, पण त्यासाठी एक्झॉस्ट तापलेला लागतो. उभ्या गाडीत तेवढा ताप येत नाही, काजळी साचत जाते. बंद शेडमध्ये तर गाडी अशी चालू ठेवूच नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातला आहे.

लगेच निघण्याचं काय? ऑइलचा दाब काही सेकंदांत येतो हे खरं, पण थंड ऑइल घट्ट असतं आणि टर्बोचा शाफ्ट ऑइलच्या पातळ थरावरच फिरतो. स्टार्ट करताक्षणी रेस देणं हे तिन्ही मार्गांतलं सगळ्यात वाईट. एअर ब्रेकची गाडी तशीही लगेच हलत नाही. टाक्यांत पुरेशी हवा भरेपर्यंत स्प्रिंग ब्रेक (हवा नसताना चाकं धरून ठेवणारा पार्किंग ब्रेक) सुटत नाही, आणि दाब ४ बारच्या आसपास येईपर्यंत इशाऱ्याचा बझर वाजतच राहतो. हवा पूर्ण भरायला लागणारी मिनिटं हीच इंजिनाची पहिली उब. हवा रात्रभर टिकली असेल तरी ३ ते ५ मिनिटं द्यावीत. तेवढ्यात गाडीभोवती एक फेरी मारून टायर, दिवे, गळती बघून होतं.

मग निघावं, पण इंजिनाला हळूहळू तापू देत. पहिली १०-१५ मिनिटं पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर नको, इंजिन ओढायला लावणारा वरचा गिअरही नको. या हलक्या लोडवर काटा झपाट्याने चढतो. शिवाय गिअरबॉक्स, डिफरन्शियल, चाकांचे बेअरिंग आणि टायर फक्त फिरल्यानेच तापतात. इंजिन तासभर चालू ठेवलं तरी डिफरन्शियलचं ऑइल थंडच राहणार.

याला अपवाद दोन. आवारातून बाहेर पडताच भरल्या गाडीने घाट चढायचा असेल तर जास्त थांबावं, पण स्लोवर, म्हणजे इंजिनाच्या सगळ्यात कमी वेगावर, नाही. सोय असेल तर आयडल (उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग) १००० ते १२०० आरपीएमवर न्यावं, म्हणजे उष्णता जास्त निर्माण होते. दुसरा अपवाद जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनांचा. त्यांना धूर निवळेपर्यंत आणि ठोके एकसारखे होईपर्यंत थोडी जास्त मिनिटं लागतात. लांबलचक तापवण्याची सवय तिथूनच आली असावी. कॉमन रेल इंजिनाला, म्हणजे नव्या, इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या इंजिनाला, तिची गरज नाही.

उणे १५ च्या खाली, किंवा रोज पहाटे गोठणाऱ्या थंडीत गाडी काढायची असेल, तर मी हीटरच निवडेन. मोठ्या इंजिनाचा विजेवरचा ब्लॉक हीटर साधारण १००० ते १५०० वॅटचा असतो. त्याला २ ते ४ तास पुरतात, तेव्हा टायमर लावावा. रात्रभर वीज जाळायचं कारण नाही. रात्री गाडी उभी राहते तिथे प्लग नसेल तर डिझेलवरचा कूलंट हीटर. ५ किलोवॅटचा हीटर पूर्ण ताकदीवर तासाला अर्ध्या लिटरहून थोडं जास्त डिझेल घेतो. इंजिनाच्या ३ लिटरशी ताडून बघा. शिवाय इंजिन झिजत नाही आणि केबिनही गरम होते. मात्र बॅटरी चांगली हवी, आणि बसवायचा खर्च आधी करावा लागतो.

हीटर कूलंट तापवतो, चेंबरमधलं ऑइल त्या मानाने थंडच राहतं. म्हणून थंडीत १५डब्ल्यू-४० ऐवजी कंपनीने मान्य केलेलं, थंडीतही पातळ राहणारं ५डब्ल्यू-४० ऑइल घालणं हीटरइतकंच कामाचं आहे. टाकीत मेण धरलेल्या डिझेलवर मात्र यातला कुठलाच मार्ग चालत नाही, तिथे हिवाळी डिझेलच भरावं लागतं. अ‍ॅडब्लू (धूर स्वच्छ करायला वापरायचं युरियाचं द्रावण) उणे ११ ला गोठतं, पण त्याची टाकी गाडी चालत असताना आपोआप वितळवली जाते. त्याच्यासाठी उभं राहू नये.