बिलिंग ॲपमधली रकमेची चौकट: दिवाळीपासूनचा अनुभव

परळला आमचं किराणा दुकान आहे. गेल्या दिवाळीपासून बिलं मोबाइलवरच्या ॲपमध्ये करतो. स्टॉक, उधारी, रिपोर्ट सगळं ठीक आहे. मी लिहितेय ते फक्त रक्कम टाइप करायच्या चौकटीबद्दल, कारण काउंटरवर दिवसभर बोट तिथेच असतं.

किराण्यात सुटे पैसे येतातच. १६८ रुपये किलोची तूरडाळ साडेतीनशे ग्रॅम दिली की ५८.८० होतात. रोखीत आम्ही ५९ घेतो. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, आणि ५० पैशांचं नाणं कायद्याने चालत असलं तरी आमच्या गल्ल्यात येत नाही. यूपीआयवर मात्र गिऱ्हाईक बरोबर ५८.८० पाठवतं, मग बिलातही तेवढेच हवेत.

सुरुवातीच्या व्हर्जनमध्ये आकडे उजवीकडून सरकत यायचे. ५, ८, ८, ० दाबलं की ०.०५, ०.५८, ५.८८ आणि शेवटी ५८.८०. पॉइंट दाबावा लागत नाही, ही सोय खरी. पण आमच्या बहुतेक रकमा अख्ख्या रुपयांच्या. साखरेचे ४५ घ्यायचे तर ४५०० दाबायचे! संध्याकाळच्या गर्दीत दुकानातला पोरगा ४५ दाबून पुढे गेला की बिल पंचेचाळीस पैशांचं. नंतरच्या अपडेटमध्ये ही पद्धत काढली, आणि तिथपासून मला हे ॲप मनापासून आवडायला लागलं.

आता जसं बोलतो तसं टाइप होतं. ४५ लिहून पुढे गेलं की आपोआप ४५.०० होतात. नुसतं .५ लिहिलं तरी ५० पैसे धरतं. दुसरा पॉइंट घेत नाही. पॉइंटनंतर तिसरा आकडाही घेत नाही, आणि हे मला फार पटलं: गुपचूप राउंड करून वेगळीच रक्कम दाखवण्यापेक्षा आकडा उमटलाच नाही तर लगेच लक्षात येतं. स्वल्पविराम पूर्वी टाइप करतानाच पडायचे आणि मधला आकडा दुरुस्त करायला गेलं की कर्सर शेवटी पळायचा. आता ते चौकट सोडल्यावर पडतात, तेही आपल्या पद्धतीने, १,२५,००० असे.

आमच्या पोऱ्याचा फोन मराठीत आहे. त्याच्या फोनवर सेव्ह केलेलं बिल पुन्हा उघडलं की रक्कम ५८.८० अशी देवनागरी आकड्यांत दिसायची आणि ॲपला स्वतःचेच आकडे वाचता यायचे नाहीत, रक्कम शून्य व्हायची. मराठीत फोन वापरणाऱ्याला अशी शिक्षा का? कळवल्यावर दुरुस्त केलं, त्याबद्दल खरंच आभार. पुतण्या जर्मनीहून आला तेव्हा त्याच्या आयफोनच्या कीपॅडवर पॉइंटच्या जागी स्वल्पविराम होता, कारण फोनचा प्रदेश जर्मनी ठेवलेला. तिथे ५८,८० लिहिलं तरी ॲपने बरोबर ओळखलं.

भाची ॲप बनवायचं काम करते. तिला विचारलं, तर म्हणाली, "मामी, चांगलं ॲप रक्कम रुपयांत ठेवतच नाही, पैशांच्या पूर्ण आकड्यात ठेवतं." ५८.८० म्हणजे आत ५८८०. कारण कॉम्प्युटर दशांश आकडे दोनाच्या घातांमध्ये साठवतो, आणि त्यात १९.९९ तंतोतंत बसत नाही. त्याला शंभरने गुणलं की १९९९ च्या जागी १९९८.९९९९ असं काहीतरी येतं, आणि पुढचा भाग कापला की एक पैसा गेला. म्हणून पॉइंटच्या अलीकडचे आणि पलीकडचे आकडे वेगळे वाचायचे, गुणाकार करायचाच नाही. महिनाअखेरीला आमची बेरीज बँकेच्या स्टेटमेंटशी पैशापैशाने जुळते, म्हणजे इथे तसंच केलेलं असावं.

दोन गोष्टी अजून हव्यात. व्हॉट्सॲपवरून '₹१,२५०.५०' पेस्ट केलं तर चिन्ह काढून नीट घेतं, पण होलसेलवाले '१२५०/-' लिहितात, ते नाकारतं. आणि वजनाच्या चौकटीलाही त्यांनी दोनच दशांश स्थळांचा नियम लावलाय. पाव किलो ०.२५ म्हणून बसतं, पण दीड पाव म्हणजे ०.३७५ बसत नाही, एकक बदलून ग्रॅम करावं लागतं. पैशाला दोन स्थळं पुरतात, किलोला तीन लागतात. दोन्ही कळवलंय. तोवर पाचपैकी चार स्टार.