ओलिताच्या रात्री ऐकलेला लुई सम्राट

यंदा हरभऱ्याच्या ओलितासाठी आमच्या डीपीवर रात्रीची लाईन आली. स्प्रिंकलरचे पाइप एकदा मांडले की ते उचलून पुढच्या पट्ट्यात नेईपर्यंत बराच वेळ हाती राहतो, म्हणून मी मोबाइलवरील एका ध्वनिपुस्तक सेवेचे तीन महिन्यांचे सभासदत्व घेतले. तिच्यावरील नवव्या शतकातील पश्चिम युरोपचा फ्रँक सम्राट ‘धर्मशील’ लुई याच्यावरची १२ भागांची मराठी व्याख्यानमाला मी दारव्हा तालुक्यातील आमच्या वावरात बसून संपूर्ण ऐकली. वावरात रेंज नसते; परंतु गावात असताना उतरवून ठेवलेले भाग तेथे विनाअडथळा चालतात, ही या सेवेची मोठीच सोय आहे.

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात शार्लमेनचे नाव निदान एका ओळीपुरते भेटते, त्याचा मुलगा लुई मात्र भेटत नाही. ७७८ मध्ये जन्मलेला हा मुलगा तिसऱ्या वर्षी अक्विटेनचा (आजच्या नैर्ऋत्य फ्रान्सचा) राजा झाला आणि मोठे भाऊ ८१० व ८११ मध्ये वारल्यामुळे, ८१४ मध्ये बाप गेल्यावर जवळजवळ सगळे साम्राज्य एकट्याच्या हाती आले. बापाची मिळकत मुलांत वाटली जाण्याची फ्रँकांची रीत होती. याच्यावर मात्र भावांशी वाटणी करण्याची वेळच आली नाही. पहिल्या दोन भागांत ही पार्श्वभूमी नीट सांगितली आहे, जरी राजधानी आखेनच्या दरबाराचे वर्णन थोडे लांबले आहे.

मालिकेचा खरा कस तिसऱ्या भागापासून लागतो. एप्रिल ८१७ मध्ये चर्चमधून परतताना आखेनच्या राजवाड्यातील कुजलेला लाकडी सज्जा कोसळला, सम्राट किरकोळ जखमी झाला आणि त्याच उन्हाळ्यात त्याने आपल्या माघारी राज्याचे काय व्हावे हे लिहून ठरवले. कुजलेल्या तुळयांचा तो प्रसंग निवेदकाने इतक्या संथ, धीम्या आवाजात सांगितला आहे की पाइप बदलण्याची वेळ होऊनही मी उठलो नाही. मात्र याच भागात एक ठळक चूक आहे. लुईने राज्याचे ‘तीन समान वाटे’ केले, असे निवेदक सांगतो. प्रत्यक्षात तीन मुलांपैकी थोरल्या लोथारला सहसम्राट करून राज्याचा मुख्य भाग दिला होता. मधल्या पेपँला अक्विटेन आणि धाकट्या, बापाच्याच नावाच्या लुईला बव्हेरिया मिळाले, आणि त्या दोघांनी दरवर्षी नजराणा घेऊन थोरल्याकडे जावे, त्याच्या संमतीवाचून युद्ध अथवा लग्न करू नये, असे बंधन होते. हे कळले नाही, तर इटलीचा राजा असलेला पुतण्या बर्नार्ड का बिथरला, हेही उमगत नाही. त्याचे डोळे काढण्याची शिक्षा झाली, त्यातच तो ८१८ मध्ये मेला आणि ८२२ मध्ये आतिन्यी येथे सम्राटाने भरसभेत त्याचे प्रायश्चित्त घेतले.

पुढे दुसरी पत्नी युडिथ हिला ८२३ मध्ये चार्ल्स झाला आणि ८२९ मध्ये लुईने ठरलेल्या वाटणीतून त्याच्यासाठी प्रदेश काढून दिला. हा भाग मी घरी मोठेबाबांना ऐकवला. वाटण्या, फेरफार आणि धुऱ्यांच्या मोजण्या यांत त्यांची हयात गेली आहे. ते एवढेच म्हणाले, “एकदा वाटणीपत्र लेहून झालं ना, मंग त्यातून चवथ्यासाठी वावर काढाचं म्हणजे धुऱ्यावर कुऱ्हाडी निंगतीनच.” व्याख्याता मात्र सारा दोष सम्राटाच्या ‘दुबळ्या स्वभावावर’ टाकून मोकळा होतो. मला ते पटले नाही. ज्याला ८३३ मध्ये कोल्मारजवळच्या मैदानावर सैन्याने रातोरात सोडून दिले, ज्याच्यावर मुलांनी स्वासाँ येथे प्रायश्चित्त लादून राज्य हिरावले आणि ज्याने ८३४ मध्ये ते परत मिळवले, त्याला दुबळा म्हणणे सोपे आहे, इतकेच. त्या मैदानाला पुढे ‘असत्याचे मैदान’ असे नाव पडले. तेथे मुलांच्या छावणीत खुद्द पोप ग्रेगरी चौथे होते, ही गोष्ट निवेदकाने एका वाक्यात उरकावी, याचे आश्चर्य वाटते.

नकाशा कोठेही दिलेला नाही. आवाजाच्या माध्यमात तो कसा द्यावा, असे कोणी म्हणेल. पण भागाच्या पानावर एक चित्र सहज लावता आले असते. सभासदत्वाचीही एक तक्रार आहे: मुदत संपताच न विचारता पुढच्या तिमाहीचे पैसे खात्यातून कापले गेले आणि ते परत मिळण्यास १९ दिवस लागले. घेणाऱ्याने आपोआप नूतनीकरणाची सोय पहिल्याच दिवशी बंद करावी.

शेवटचे दोन भाग मात्र पैसे वसूल करतात. मुलगा लुई पुन्हा उलटला, त्याच्यावरील स्वारीहून परतताना सम्राट २० जून ८४० रोजी इंगेलहाइमजवळ ऱ्हाइनमधील एका बेटावर वारला. त्याआधी त्याने मुकुट आणि तलवार लोथारकडे धाडली, ती युडिथ व चार्ल्स यांना अंतर न देण्याच्या अटीवर. अवघ्या वर्षभरात, जून ८४१ मध्ये, फाँतेनुआ येथे लोथार आणि चार्ल्स समोरासमोर उभे ठाकले आणि ८४३ च्या व्हर्दूं करारात राज्याचे अखेर तीन तुकडे झाले. निवेदक तेथे थांबतो. कराराचा मजकूर संपतो आणि पार्श्वसंगीत न वाजता भाग बंद होतो.