विमा तिकिटाचा की माणसाचा? पावसाळी सहलीआधीचा एक हिशेब

परदेशी जाताना निदान व्हिसासाठी तरी विमा काढला जातो. कोकणात, महाबळेश्वरला किंवा हिमाचलात जाताना मात्र ‘आपल्याच देशात तर जायचे आहे, आणि मेडिक्लेम आहेच’ या वाक्यावर विषय संपतो. मीही तो अनेक वर्षे तिथेच संपवत आलो होतो. जुलै २०२४ मध्ये एका फसलेल्या परतीच्या प्रवासाने मला त्याकडे पुन्हा वळायला लावले. तेव्हा माझ्यासमोर तीन पर्याय होते आणि बहुतेक कुटुंबांसमोर आजही तेच असावेत: रेल्वेचे ई-तिकीट काढताना मिळणारा विमा, ठरावीक सहलीपुरती घेतलेली देशांतर्गत प्रवास पॉलिसी आणि वर्षभर चालणारी वैयक्तिक अपघात पॉलिसी. मेडिक्लेम घरात आहे असे मी धरून चालतो. त्याच्या मर्यादेचा उल्लेख पुढे येईलच.

रेल्वेचा विमा ४५ पैशांचा आहे आणि त्या किमतीत त्याला नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास १० लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वासाठी साडेसात लाखांपर्यंत आणि रुग्णालयातील उपचारांसाठी २ लाखांपर्यंत रक्कम मिळते. तो फक्त ऑनलाइन काढलेल्या तिकिटावर मिळतो, आणि पैसे भरण्यापूर्वी तो पर्याय आपण स्वतः निवडावा लागतो. नंतर विमा कंपनीकडून येणाऱ्या लिंकवर वारसाचे नाव भरायचे असते. ते किती जण भरतात, हा प्रश्न मी स्वतःलाच विचारून गप्प बसलो आहे. मुख्य अट अशी की घटना रेल्वे कायद्याच्या अर्थाने रेल्वे अपघात किंवा गाडीतील अनुचित घटना असली पाहिजे. फलाटाबाहेर रिक्षा शोधताना पाय मुरगळला, तर त्याच्याशी या विम्याचा संबंध नाही.

माझा निर्णय ज्या गोष्टीने झाला ती याच अटीत दडलेली होती. १४ जुलै २०२४ रोजी खेड तालुक्यात दिवाणखवटीजवळ कोकण रेल्वेच्या रुळांवर दरड कोसळली आणि सुमारे एक दिवस मार्ग बंद राहिला. आम्ही रत्नागिरीत होतो आणि आमची परतीची गाडी रद्द झाली. रेल्वेने तिकिटाचे पूर्ण पैसे परत केले, त्याबद्दल तक्रार नाही. सोमवारी कामावर पोहोचायचे होते, म्हणून आम्ही एका कुटुंबाबरोबर भाडे वाटून घेऊन जीप केली आणि महामार्गाने निघालो. पोलादपूरच्या पुढे चहासाठी थांबलो असता टपरीमागच्या ओल्या फरशीवर माझा पाय घसरला आणि उजव्या हाताचे मनगट मोडले. जवळच्या छोट्या दवाखान्यात एक्स-रे काढून प्लास्टर घातले गेले आणि दीड तासात आम्ही पुन्हा गाडीत बसलो.

घरी आल्यावर कागद काढून बसलो. रेल्वेचा विमा तिकिटाला बांधलेला होता आणि तिकीट रद्द होताच तोही संपला होता. गाडी वळवलेल्या मार्गाने गेली असती, तर विमा चालू राहिला असता. गाडी मध्येच थांबवून रेल्वेने स्वतः बसची सोय केली असती, तरीही तो त्या बसमध्ये लागू राहिला असता, ही तरतूद खरोखर चांगली आहे. पण प्रवाशाने आपल्या पैशाने जीप केली की तो रेल्वेचा प्रवासी राहत नाही. पावसाने बेत मोडला आणि जिथे धोका खरोखर वाढला, त्या टप्प्यावर माझ्याकडे काहीच नव्हते. मेडिक्लेमकडे वळलो तर तिथे किमान २४ तास रुग्णालयात दाखल असण्याची नेहमीची अट होती. हल्ली काही पॉलिसींत जास्त हप्ता भरून बाह्यरुग्ण उपचारांची सोय मिळते. आमच्या पॉलिसीत ती नव्हती.

तसे पाहिले तर प्लास्टर आणि एक्स-रेचा खर्च चार-साडेचार हजारांचा होता. कोणत्याही घराला तो सोसतो आणि त्यासाठी विमा हवाच असे मी म्हणणार नाही. खरे नुकसान वेगळेच होते. मी दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतो. ते काम उजव्या हाताचे आहे आणि मोबदला नगावर मिळतो. सहा आठवडे मी जवळजवळ काहीच कमावले नाही. देशातल्या सहलीत होणारे अपघात बहुधा याच जातीचे असतात असे मला वाटते: रुग्णालयात रात्र काढावी लागत नाही, पण हात किंवा पाय महिना-दीड महिना अडकून पडतो. माझा समज अनुभवावर बेतलेला आहे. तो सर्वांना लागू होईलच असे नाही.

दुसरा पर्याय सहलीपुरत्या पॉलिसीचा. ती जे देते ते बाकीचे दोन पर्याय देत नाहीत: सहल रद्द करावी लागली किंवा मध्येच थांबली तर बुडालेले आगाऊ पैसे, हुकलेली जोडगाडी किंवा विमान, हरवलेले सामान आणि प्रवासात लागलेले तातडीचे उपचार. ज्यांनी विमान, हॉटेल आणि टॅक्सीचे परत न मिळणारे पैसे महिनाभर आधी भरले आहेत, त्यांनी तिचा विचार अवश्य करावा. जुलै २०२३ मध्ये कुलू-मनाली भागात रस्ते वाहून गेले आणि हजारो पर्यटक अडकून पडले. अशा वेळी हॉटेलच्या जादा रात्रींचे पैसे कुणीतरी देणार असेल, तर ती क्षुल्लक गोष्ट नाही.

तरीही पावसाळी आणि घरगुती प्रवासांसाठी ती मला थोडी अवघडच वाटते. एक तर ती घराबाहेर पडण्यापूर्वी नाव आणि तारखांसह घ्यावी लागते, आणि आमचे निम्मे बेत शुक्रवारी संध्याकाळी ठरतात. दुसरे म्हणजे, घेतेवेळी जी आपत्ती सर्वांना माहीत झाली आहे, तिच्यामुळे झालेले नुकसान सहसा भरून मिळत नाही. घाट बंद झाल्याची बातमी वाचून घेतलेली पॉलिसी त्या घाटापुरती निरुपयोगी ठरू शकते. मी चाळलेल्या एका पॉलिसीत काही फायदे घरापासून ठरावीक अंतराच्या पलीकडेच लागू होत होते, आणि ठाण्याहून लोणावळ्याला जाणारा माणूस त्यात बसत नव्हता. विलंबाचा दावा करायचा तर लेखी पुरावा लागतो. विमान कंपनी तो देते. पण वरंध घाटात झाड पडले म्हणून चार तास गेले, हे आपल्याला लिहून कोण देणार? परतीची तारीख उलटली तर काही पॉलिसी मुदत आपोआप वाढवून देतात, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. पॉलिसी घेण्यापूर्वी तो मुद्दा विचारून घ्यावा.

आणि गणपतीत गावी जाणाऱ्याचे काय? तिथे हॉटेल नसते, पॅकेज नसते, रद्द होण्यासारखे एसटीचे किंवा रेल्वेचे तिकीट तेवढे असते. सहल म्हणावी तर ती सहलही नाही, कारण आपण आपल्याच घरी गेलेलो असतो. माझा मेहुणा २०२५ च्या गणपतीत राजापूरकडच्या आपल्या घरी, अंगणातल्या जांभ्याच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरला आणि त्याचा घोटा मोडला. सहलीच्या पॉलिसीत हा अपघात कुठल्या रकान्यात बसला असता, हे मला सांगता येणार नाही. त्याच्याकडे मात्र १० लाखांची वैयक्तिक अपघात पॉलिसी होती आणि तिला त्याने तात्पुरत्या संपूर्ण अपंगत्वाचे, म्हणजे अपघातामुळे काही काळ काम पूर्ण बंद राहिले तर पैसे देणारे, कलम जोडून घेतले होते.

हा तिसरा पर्याय माणसाला बांधलेला आहे. तो कुठे होता, कोणत्या वाहनात होता, तिकीट होते की नव्हते, हे प्रश्न तिथे सहसा उद्भवत नाहीत. ‘सरल सुरक्षा बीमा’ नावाची एक प्रमाणित पॉलिसी एप्रिल २०२१ पासून मिळते. विमा रक्कम अडीच लाखांपासून एक कोटीपर्यंत घेता येते आणि मूळ संरक्षणात अपघाती मृत्यू व कायमचे अपंगत्व येते. तात्पुरते संपूर्ण अपंगत्व आणि अपघातानंतरचा रुग्णालयाचा खर्च ही कलमे ऐच्छिक आहेत, आणि माझ्या मते खरा उपयोग पहिल्या कलमाचा आहे. त्यात काम बंद राहिलेल्या प्रत्येक आठवड्यासाठी मूळ विमा रकमेच्या ०.२ टक्के मिळतात. म्हणजे १० लाखांवर आठवड्याला २ हजार. मेहुण्याच्या पॉलिसीतही दर तोच होता. तो कारखान्यात फिटर आहे, दिवसभर उभे राहून काम असते. डॉक्टरांनी पाच आठवडे विश्रांती लिहून दिली आणि त्याला १० हजार रुपये मिळाले. एक्स-रे, डॉक्टरांचा दाखला आणि कारखान्याचे रजेचे पत्र एवढे कागद लागले. पैसे यायला दोन महिने लागले, ते मध्ये दोनदा आठवण करून दिल्यावर.

इथे एक सावधगिरीची सूचना करणे भाग आहे. ‘संपूर्ण’ हा शब्द विमा कंपनी गांभीर्याने घेते. घोटा मोडूनही जो घरून लॅपटॉपवर काम करू शकतो, त्याला हे कलम कितपत उपयोगी पडेल याबद्दल मला शंका आहे. त्याने त्यासाठी जादा हप्ता भरण्यापूर्वी दोनदा विचार करावा. मद्याच्या अमलाखाली झालेला अपघात वगळलेला असतो आणि साहसी खेळांविषयीचे कलम प्रत्येक पॉलिसीत नीट वाचावे लागते. भुशी धरणाजवळच्या जून २०२४ मधील दुर्घटनेनंतर पुणे जिल्ह्यात अनेक पर्यटनस्थळी मनाई आदेश निघाले होते. असा आदेश मोडून धबधब्यात उतरलेल्याचा दावा थेट फेटाळला जाईलच असे मी म्हणत नाही, पण कंपनीला प्रश्न विचारायला आपणच जागा करून देतो. हप्ता झेपत नसेल त्याने निदान बँकेतून २० रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना सुरू ठेवावी. अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात, पण मोडलेल्या मनगटाला त्यातही काही नाही.

स्वतःची गाडी नेणाऱ्यांसाठी दोनच वाक्ये. सर्वसमावेशक पॉलिसीत पूर आणि दरड येते, पण इंजिनात पाणी शिरून ते बिघडल्यास इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम नसेल तर खर्च आपल्या गळ्यात पडतो. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करून पाहण्याचा मोह त्यासाठीच आवरावा.

मी आता १५ लाखांची अपघात पॉलिसी घेतली आहे आणि तात्पुरत्या अपंगत्वाचे कलम त्यात आहे. रेल्वेचे तिकीट काढताना ४५ पैशांचा पर्यायही निवडतो, कारण गाडीत बसलेलो असेपर्यंत तो उत्तमच आहे, आणि वारसाचे नाव त्याच रात्री भरतो. आईची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिचे वय ७४ आहे आणि प्रमाणित अपघात पॉलिसी नव्याने घेण्याची वयोमर्यादा ७० आहे. येत्या एप्रिलमध्ये ती बहिणीबरोबर विमानाने काशीला जाणार आहे. तिच्यासाठी सहलीची पॉलिसीच घेतली आहे, परतीच्या तारखेपुढे दोन दिवस जास्त धरून.